मामांची कुलूपबंद बोट

माझ्या बायकोच्या थोरल्या मामांइतक्या जबाबदारीनं झोपणारा माणूस उत्तर गोव्यात तरी दुसरा नसेल. बाकीचे लोक दमतात म्हणून झोपतात, काही जेवण जास्त झालं म्हणून झोपतात. मामा कामावर जावं तसे झोपायला जातात. अंथरुणावर पडण्यापूर्वी ते दाढी करतात, इस्त्रीचा सदरा घालतात, केसांवरून फणी फिरवतात आणि घडी केलेला रुमाल उशाशी ठेवतात. लग्नानंतर मी पहिल्यांदा मांद्र्याला त्यांच्या घरी राहिलो, तेव्हा दुपारच्या जेवणानंतर त्यांची ही तयारी पाहून विचारलं, "मामा, कुठे बाहेर निघालात?" ते भांग नीट करत म्हणाले, "नाय ओ जावयबापू, निजाक जातंय. थय कोण भेटात ता सांगाक येता? गंजिफ्रॉकार कसो जातलंय?"

याचं मूळ त्यांच्या नोकरीत असावं. मामा केरीच्या फेरीबोटीवर होते. केरीहून तेरेखोल, तेरेखोलहून केरी, मधे नदी, डाव्या हाताला थेट समुद्र, परतताना उजव्या हाताला. अशी तीस वर्षं. माझं काम जमीन मोजणीचं, त्यामुळे आकडा दिसला की मला स्वस्थ बसवत नाही. रोजच्या वीस फेऱ्या आणि वर्षाचे दोनशे पंच्याऐंशी दिवस धरून मी एकदा त्यांना सांगितलं की तुम्ही एक लाख एकाहत्तर हजार वेळा ती नदी ओलांडलीत. मामांनी डोळे मिटून विचार केला आणि म्हणाले, "एक कमी धरा. एकदा बोट पलीकडे बंद पडली, माका होडीतसून येवचा लागला." मी आकडा दुरुस्त केला. बोटीवर त्यांच्याकडे एक नोंदवही असे. वेळ, उतारू, सामान, हवा, शेरा, असे पाच रकाने. निवृत्त झाल्यावर बोट सुटली, पण हाताला रकाने भरायची सवय राहिली. मग सकाळी उठून काय भरायचं, तर जिथून नुकतेच परत आलो तिथली नोंद. मामांनी स्वप्नांची वही घातली.

वही उघड्यावर असायची त्या काळातल्या काही नोंदी मी वाचल्या आहेत. एक मला अजून पाठ आहे. "पहाटे सुमारे पाच. उतारू तीन, पैकी ओळखीचा एक. सामान : शिवणयंत्र एक, फणस दोन. हवा स्वच्छ. शेरा : बोटीला तळ नव्हता, तरी फेरी वेळेवर." स्वप्नात येणाऱ्या प्रत्येकाला ते उतारूच म्हणतात, मग तो शेजारी असो, मेलेला काका असो की हरमलच्या किनाऱ्यावर दिसलेला परदेशी असो. उतारूंची वर्दळ कशानं वाढते यावर त्यांचे प्रयोगही झाले. सोलकढीवर बोट जवळजवळ रिकामी जाते, फणसाच्या घोट्या, म्हणजे आठळ्या, खाल्ल्या तर टपावरसुद्धा माणसं बसतात, असा त्यांचा निष्कर्ष आहे. मांद्र्याच्या बाजारात ते अर्धी राहिलेली संभाषणं पुरी करतात. एकदा मी बरोबर असताना त्यांनी एका मासळीवालीला थांबवून सांगितलं, "काल तू बोलता बोलता उठान गेलंस. त्या चेडवाचा लगीन ठरला काय नाय?" ती बाई टोपली सावरत म्हणाली, "ठरला, बाबा. पण तुमका कोणी सांगला?" मामा म्हणाले, "तूच मगो." आणि पुढे चालू लागले.

वहीला कुलूप लागलं ते छत्रीमुळे. एके सकाळी वही सोप्यावर उघडी राहिली आणि शेजारचा गृहस्थ पाववाल्या पदेराची वाट बघत तिथे टेकला. पांव येईपर्यंत माणूस काय करणार, त्यानं वही चाळली. त्यात लिहिलं होतं की शेजारी बोटीत चढला, सामान एक छत्री, शेरा : छत्री आपली दिसते. गृहस्थ उठला, घरी गेला आणि मामांची दोन वर्षांपूर्वी हरवलेली छत्री आणून सोप्याच्या कठड्याला अडकवून गेला. पुढचे सहा महिने तो मामांशी बोलला नाही. छत्री मिळाल्याचा मामांना आनंद झाला नाही. त्यांना अपराधी वाटत राहिलं. "लोक विश्वासान येतत," ते मला म्हणाले. "कोण उघड्या अंगान, कोण रडत, कोण दुसऱ्याची छत्री घेवन. आपल्या बोटीतला भायर सांगूक नये."

त्या वर्षी त्यांच्या घरातल्या भाड्याच्या खोलीत एक परदेशी पाहुणा तीन महिने राहिला होता. त्याचा धंदा संगणकाचा. मामांची अडचण त्याला इतकी रास्त वाटली की त्यानं जाण्यापूर्वी त्यांच्या टेबलावरच्या जुन्या संगणकावर एक तिजोरी बसवून दिली. तिजोरी म्हणजे संगणकाच्या आतला एक कप्पा. परवलीचं वाक्य दिलं की तो साध्या कप्प्यासारखा उघडतो आणि आतले कागद वाचता येतात. बंद केला की आतल्या अक्षरांचं पीठ होतं. कोणी संगणक उचलून नेला तरी त्याच्या हाती पीठच लागणार. पाहुण्यानं सांगितलं की वाक्य असं हवं जे तुमच्याशिवाय दुसरं कोणी म्हणणार नाही.

नेमका तेव्हा मामांचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता, ते देवळाच्या पायरीवर घसरले होते. म्हणून वाक्य मामांनी तोंडी सांगितलं आणि मामींनी ते कळफलकावर टाइप केलं. मामी डिचोलीकडच्या. लग्नाआधी त्या तिकडच्या एका खाणीच्या कचेरीत टंकलेखिका होत्या आणि मराठी टंकलेखनाची परीक्षा पास झाल्याचं त्या दरवर्षी एकदा तरी सांगत. टाइप करताना काहीच दिसत नव्हतं, कारण तिजोरी अक्षरांऐवजी नुसते ठिपके दाखवते. मामींनी न बघता टाइप केलं, पुन्हा एकदा तेच टाइप केलं, आणि पाहुण्यानं 'या संगणकावर लक्षात ठेवा' या चौकोनात खूण केली. त्या दिवसापासून संगणक सुरू केला की तिजोरी आपोआप उघडायची, आणि हात बरा झाल्यावर मामा रोजची नोंद कागदाऐवजी तिच्यातच एका बोटानं टाइप करू लागले. मी एकदा म्हणालो की हे म्हणजे दाराला कुलूप लावून किल्ली त्याच दारावर खिळ्याला टांगणं झालं. मामा म्हणाले, "पण खिळो कोणाक दिसता?"

चौदा वर्षं हे असं चाललं. तीन वर्षांपूर्वी मामी गेल्या, थोड्या दिवसांच्या तापानं. त्यानंतर मामांच्या झोपेतली जबाबदारी आणखी वाढली. सदरा कडक इस्त्रीचा झाला आणि उशाशी रुमालाबरोबर अत्तराची कुपी आली. एकदा सोप्यावर बसलो असताना त्यांनी आपणहून सांगितलं, "ती येता. अंगणातसून हाक मारता तशी बोलता. पण उठल्यार दोन घडयेन माझ्या मनातसून सगळा पुसान जाता. काय बोलली ता एक अक्षर आठवत नाय. लिवन ठेवतंय म्हणान बरा." मामींचा एकही फोटो त्यांनी भिंतीवर लावलेला नाही. फोटोत ती गप्प असते, असं त्यांचं म्हणणं.

आता पुढचं जे घडलं त्याला मी जबाबदार आहे आणि ते मी लपवणार नाही. संगणकाच्या कोपऱ्यात कित्येक वर्षं एक सूचना यायची की तिजोरीची नवीन आवृत्ती उपलब्ध आहे. मामा दर वेळी 'नंतर' हे बटण दाबत. "ह्या बटन जेणा केल्यान तो शाणो माणूस," असं ते म्हणत. एका रविवारी मी पेडण्याहून स्कूटरनं बायकोबरोबर त्यांच्याकडे गेलो होतो आणि ती सूचना मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. जुन्या पद्धतीच्या तिजोरीत कच्चे दुवे सापडले आहेत, तिला यापुढे दुरुस्ती मिळणार नाही, नवी आवृत्ती तिजोरीचा साचा बदलून देईल. शेवटी असंही लिहिलं होतं की नवी आवृत्ती वाक्य संगणकावर साठवून ठेवत नाही. जुनं साठवलेलं वाक्य पुसलं जाईल, ते एकदा हातानं द्यावं लागेल. मी हे सगळं मराठीत करून सांगितलं. मामा म्हणाले, "माका पाठ आसा." तरी मी तिजोरीची एक नक्कल पेनड्राइव्हवर घेतली, दोन्हींचा आकार शेवटच्या अंकापर्यंत जुळवून पाहिला, आणि मग 'आता करा' हे बटण मीच दाबलं.

निळी पट्टी शेवटपर्यंत गेली. चौकोन आला. मामांनी मला उठवून जनेलाकडे तोंड करून बसवलं, म्हणून मी खिडकीबाहेरचं माडाचं झाड बघत बसलो. मागे त्यांचं एक बोट कळफलकावर पडत होतं, थेंब पडावेत तसं. मग ते म्हणाले, "जावयबापू, ह्या काय म्हणता बगा." वाक्य चुकीचं आहे, असं पडद्यावर आलं होतं. त्यांनी पुन्हा टाइप केलं. पुन्हा तेच. पाचव्या वेळी त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मी घेतलेली नक्कल माझ्या खिशात होती, पण ती नक्कलही कुलूपबंद तिजोरीचीच होती. तिचा उपयोग एवढाच की हरवलेली वस्तू आता दोन ठिकाणी हरवली होती.

बुधवारी बायकोनं त्यांना फोन केला. बोलणं झाल्यावर ती माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "अहो, मामा दुपारी गंजिफ्रॉकावरच झोपले." पुढे काही सांगायची गरज नव्हती. तिनं त्यांना कारण विचारलं होतं. ते म्हणाले होते, "लिवूचा नाय तर नटान काय करू? जुना सगळा आत रवला. नवीन कित्याक भरू?"

मी दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि चौकटीची वही घेतली. बायको म्हणाली, "मीय येतंय. मामांक जेवणाखाणाचा भान नसात." मांद्र्याला पोचल्यावर मी मामांना स्पष्ट सांगितलं की वाक्य मला कळल्याशिवाय उपाय नाही. तीस वर्षं हजारो लोकांना नदी पार करून देणारा माणूस त्या पाच शब्दांशी थांबून राहिला होता. शेवटी त्यांनी माझ्या कानाशी येऊन हळूच सांगितलं : दर्या ओलांडून रोज घरी यायचं.

"बोटीवर असताना मी तिका सांगय," ते म्हणाले. "ती इचारी, आज उशीर जातलो काय? मी म्हणय, काय जाला तरी दर्या ओलांडून रोज घरी यायचं. सिनेमातल्यासारख्या शुद्ध भाषेत. ती हसा."

माझा अंदाज होता की चूक लेखनाची असणार. 'ओलांडून' ह्रस्व की दीर्घ, त्यावर अनुस्वार की आत न, 'घरी' ह्रस्व की दीर्घ, 'यायचं' की 'यायचे', शब्दांमध्ये जागा सोडली की नाही, शेवटी पूर्णविराम दिला की नाही. सहा ठिकाणी प्रत्येकी दोन शक्यता, म्हणजे चौसष्ट वाक्यं. मी चौसष्ट ओळी आखल्या. मामांच्या एका बोटानं एका वाक्याला दोन मिनिटं धरली तर दोन तास आठ मिनिटं. मी टाइप करतो म्हटलं तर त्यांनी मान हलवली. "बोट माझी. सुकाणू मीच धरतलंय."

मी वाचत गेलो, ते टाइप करत गेले, मी फुली मारत गेलो. मधे चहा झाला. बायको आत विळीवर तांबडी भाजी चिरत होती. चाळिसाव्या ओळीनंतर मामांनी हाताचं बोट झटकलं. पन्नासाव्या ओळीनंतर ते कोणाला तरी ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "तुका काय हुकलां गो त्या दिवशी?" चौसष्टाव्या फुलीनंतर आम्ही दोघेही त्या वहीकडे बघत राहिलो. माझ्या इतक्या वर्षांच्या कामात असा सर्व बाजूंनी बरोबर मोजलेला आणि तरीही न जुळणारा तुकडा मला भेटला नव्हता.

तेवढ्यात आतून विळीचा आवाज थांबला. बायको म्हणाली, "मगाधरून ऐकतंय. तुमी दोघंय फुडलाच बगतास. पयलो शब्द कोणी बगल्यान?"

"पयल्यात काय आसा?" मामा म्हणाले. "दर्या. त्यात ह्रस्व नाय, दीर्घ नाय."

"मामीक दर्या खय आवडायचो, मामा? लग्नाक चाळीस वर्सां जाली तरी ती किनाऱ्यार पाय भिजवक गेली नाय. सदानकदा आपले डोंगर आणि दऱ्या."

मी वहीच्या कोऱ्या पानावर दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहिले. दर्या, दऱ्या. एकात य च्या डोक्यावर रफार, दुसऱ्यात य ला चिकटलेला कोयतीसारखा अर्धा र. एकात समुद्र, दुसऱ्यात डोंगरांमधल्या खोल हिरव्या जागा. बाकीचं वाक्य दोन्हीकडे तेच. ठिपक्यांमागे काय लिहिलं गेलं हे त्या दिवशी कोणालाच दिसलं नव्हतं.

तो कोयतीचा र कळफलकावर कुठे आहे हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. मामींच्या हाताखाली टायपिंग शिकलेली बायको पदराला हात पुसत आली, शिफ्ट धरून एक कळ दाबली आणि बाजूला झाली. पुढचं मामांनी केलं. मी त्यांना पहिलीच ओळ दिली, सगळं शुद्धलेखन बरोबर असलेली, पूर्णविरामासकट, कारण परीक्षा पास झालेल्या बाईनं टाइप केलं होतं. त्यांनी शेवटची कळ दाबली. निळी पट्टी थोडी थबकली, पुढे गेली, आणि पडद्यावर एकामागून एक चौदा वर्षांचे चौदा कप्पे आले.

मी कोणी सांगण्याआधीच उठून जनेलाकडे तोंड करून बसलो. माडाचं तेच झाड होतं. बायको दारात उभी राहिली. मामा वाचत होते. मधेच ते हसले, मधेच नाक शिंकरलं, एकदा "असा काय?" म्हणाले, समोर कोणी असल्यासारखं. बऱ्याच वेळानं त्यांनी मला हाक मारली.

"तुमी सतरा वेळा इलास हो जावयबापू," ते म्हणाले. "सतराय वेळा तिकीट काढून."

एवढंच. बाकी गोपनीय. मग ते खुर्चीत मागे टेकले. "चवदा वर्सां माका वाटा, मी दर्यातसून जातंय. आणि ती माका रोज आपल्या डोंगरातसून नेय."

मी म्हटलं, मामा, ऐकण्यात चूक झाली असेल. दर्या आणि दऱ्या बोलताना जवळच पडतात. बायको म्हणाली, चूक कसली, मामींनी मुद्दाम केलं, आणि आयुष्यभर मनातल्या मनात हसल्या असतील. मामांनी आम्हा दोघांचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चूक नाय आणि मस्करीय नाय. घरी येवचा म्हणान मी एकट्यानच सांगलेला. येवचा तर तिकाय होता. ती डिचोलीसून दऱ्या ओलांडून इली मगो माझ्या घराक. वाक्यात दोघांपैकी एकालाच जागा होती."

नवी आवृत्ती वाक्य लक्षात ठेवत नाही. म्हणून मामा आता रोज सकाळी ते स्वतः टाइप करतात. मी घड्याळ लावून पाहिलं, सरासरी चार मिनिटं लागतात, त्यातलं जवळजवळ एक मिनिट त्या कोयतीच्या र ला. मी सांगितलं, एवढ्या वेळात स्वप्नातलं बरंच पुसलं जात असेल, मी यावर काही तोडगा शोधतो. ते म्हणाले, "नको. वाट लांब आसा, ता बरा." सदरा पुन्हा इस्त्रीचा झाला आहे. कोपऱ्यात नवी सूचना आली की ते 'नंतर' दाबतात आणि माझ्याकडे बघतात.

मला स्वतःला स्वप्नं पडत नाहीत, किंवा पडत असली तर राहत नाहीत. पण मागच्या आठवड्यात एक राहिलं. डिचोलीच्या बाजूला, खाणीनं कापलेल्या तांबड्या डोंगरांच्या मधून, फेरीबोट चालली होती. खाली पाणी नव्हतं, नुसतं धुकं आणि त्यात झाडांचे शेंडे. बोट इतकी हळू चालली होती की ती चालते आहे हे किनाऱ्यावरच्या गवतावरूनच कळत होतं. तिकिटाच्या खिडकीजवळ मामी बसल्या होत्या, समोर टाइपरायटर, आणि त्या न बघता टाइप करत होत्या. माझ्या हातात तिकीट होतं. बोटीत माणसं पुष्कळ होती आणि कोणालाच घाई नव्हती.

रविवारी मी हे मामांना सांगितलं. ते सोप्यावर बसून ऐकत होते. आधी त्यांनी हवा विचारली. मी सांगितली. मग सामान विचारलं. मग, माझ्याकडे न बघता, बोट कुठच्या बाजूला चालली होती ते विचारलं. मी म्हटलं, इकडच्याच.

"आणि उतारू किती?"

मी आठवून पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा मला आकडा देता येत नव्हता.

"मोजले नाहीत, मामा."

त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "बरा केलास," ते म्हणाले.